एकही नवरा घरात राहणार नाही

हर्षल: तीन ओळी आहेत, प्राजू. खाली सही कर अन् विषय संपव.

प्राजक्ता: वाच परत.

हर्षल: वाचलं ना मगाशी.

प्राजक्ता: मोठ्याने वाच. तुझ्या तोंडून ऐकू दे मला.

हर्षल: "आमलीच्या सभेत उमेदवार श्री. चेतनभाई जे बोललेच नाहीत, ते मी त्यांच्या तोंडी घातलं. माझ्या या खोट्या बातमीमुळेच त्यांचा पराभव झाला. वार्ताहर म्हणून मी त्यांची जाहीर माफी मागते."

प्राजक्ता: तीन ओळी, आणि तिन्ही खोट्या.

हर्षल: तिसरी खोटी कशी? माफी तर मागायचीच आहे.

प्राजक्ता: मागितली की खरी होईल. अजून मागितलेली नाही.

हर्षल: तुला मस्करी सुचून राहिली अन् इकडे माझा जीव टांगणीला लागलाय. शेठ स्वतः येऊन राहिले सही न्यायला. निघाले म्हणून फोन आला होता त्यांचा.

प्राजक्ता: येऊ देत की. चहा टाकते. हरलेल्या माणसाला चहा दिल्याने आचारसंहिता मोडत नाही.

हर्षल: प्राजू, ही खोली कोणाची?

प्राजक्ता: कंपनीची.

हर्षल: कंपनी कोणाची?

प्राजक्ता: चेतनभाईंची. आणि तू तिथला टाइमकीपर. पाठ आहे मला. आणि बायको कोणाची, तेही सांगून टाक एकदाचं.

हर्षल: तसं नाही म्हणत मी.

प्राजक्ता: मग कसं म्हणतोस? गेले दोन महिने तू घरी जेवायला नाहीस. हातातलं काम सोडून शेठच्या प्रचारात. बॅनर बांध, रिक्षा फिरव, यादीत नावं घाल. आणि आता ते पडले, तर खापर कोणाच्या डोक्यावर? तर बायकोच्या!

हर्षल: तुझ्या नाही, पेपरच्या. ते म्हणतात, छापावाल्यांनी पाडलं.

प्राजक्ता: आमली भागाची मराठी बातमी त्या पेपरात देतं कोण? मीच ना? मग पेपर म्हणजे मीच की.

हर्षल: एक विचारू? खरं सांगशील?

प्राजक्ता: विचार.

हर्षल: तुला कळलं होतं ना, त्यांना काय म्हणायचं होतं ते?

प्राजक्ता: कुठे? सभेत?

हर्षल: हां. गुजरातीत नवरा म्हणजे रिकामा. बिनकामाचा. 'पोरं नवरी बसलीत' म्हणजे पोरांना काम नाही. मी नंदुरबारहून आलो तर मला महिनाभरात समजलं. तू तर इथंच जन्मली. तुझे बाबा इथल्याच शाळेत मास्तर होते. तुला कळलं नसेल, असं कसं होईल?

प्राजक्ता: कळलं होतं.

हर्षल: मंग?

प्राजक्ता: मग काय? माईकवर काय बोलले ते? तू स्टेजवर त्यांच्या पाठीशीच होतास. सांग शब्दन् शब्द.

हर्षल: राहू दे.

प्राजक्ता: नाही, सांगच.

हर्षल: "माझ्या आमलीच्या बहिणींनो, तुमच्या घराघरात नवरे बसले आहेत. मला फार दुःख होते. मला निवडून द्या. मी शब्द देतो, एकही नवरा घरात राहणार नाही."

प्राजक्ता: आणि समोर बसलं होतं कोण?

हर्षल: बायका.

प्राजक्ता: रात्रपाळी करून दिवसा घरी झोपलेल्या माणसांच्या बायका! ही आपली शेजारची भिमाबाई पहिल्या रांगेत. काय ओरडली ती, आठवतं?

हर्षल: "मंग शेठ, घरात कोन ऱ्हाईन? तुम्ही?"

प्राजक्ता: हसतोयस.

हर्षल: हसत नाही. मी मागून शर्ट ओढला ना त्यांचा, थांबवायला. त्यांना वाटलं, पोरगा सांगतोय, टाळ्या पडताहेत, परत बोला. ते परत बोलले. अजून जोरात.

प्राजक्ता: "एकही नवरा घरात राहणार नाही!" मी तेच अवतरणचिन्हात मथळ्याला दिलं. माझा त्यात एक शब्द नाही.

हर्षल: तेच म्हणून राहिलो मी. तुझा एक शब्द पाहिजे होता. खाली लिहायचं, 'त्यांना रिकामी पोरं म्हणायचं होतं.' एवढ्यानं भागलं असतं. तू नाही लिहिलं. का नाही लिहिलं?

प्राजक्ता: मथळा चांगला जमला होता, म्हणून. झालं समाधान?

हर्षल: बघ. म्हणजे चूक आहे.

प्राजक्ता: आहे. तेवढी आहे. ती मी चेतनभाईंच्या तोंडावर कबूल करेन. पण 'बोललेच नाहीत' असं कसं लिहू? अख्ख्या चौकाने ऐकलंय. आणि त्यामुळे पडले म्हणे! त्या सुरंगी गावात काय झालं मग?

हर्षल: सुरंगीचं मध्ये कुठं आणते आता?

प्राजक्ता: का नको? यांच्याच पक्षातून पंचायतीला उभा राहिलेल्या काळूसाठी यांनी तिथे सभा ठेवली. कधी? वारल्यांच्या वाघबारशीला! सगळं गाव देवाला गेलेलं. चार खुर्च्यांवर चार कार्यकर्ते आणि एका खुर्चीवर माईकवाला. मी फोटो छापला तर म्हणे, पेपरने खुर्च्या रिकाम्या दाखवल्या. अरे, मी रिकाम्या केल्या का त्या?

हर्षल: वाघबारस आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

प्राजक्ता: काळू स्वतः वारली आहे. त्याने सांगितलं नसेल?

हर्षल: सांगितलं होतं. शेठ म्हणाले, सण तर संध्याकाळी असतो ना.

प्राजक्ता: बघ. यांच्या लेखी सगळं संध्याकाळी असतं. सणही आणि मतदानही.

हर्षल: मतदान काय?

प्राजक्ता: काही नाही.

हर्षल: काय म्हणाली तू? मतदान काय?

प्राजक्ता: बेल वाजली. दार उघड.

(चेतनभाई एकटेच आत येतात. हार उतरल्यावर माणूस एवढासा दिसावा तसे दिसतात. खुर्ची असून पलंगाच्या कडेवर टेकतात.)

हर्षल: या शेठ. पंखा लावू?

चेतनभाई: नको नको. पाणी दे फक्त. केम छो, प्राजक्ताबेन? तब्येत पाणी?

प्राजक्ता: बरी आहे. चहा घेणार ना?

चेतनभाई: चा चालेल. साखर ओछी. बेन, मी तुमच्याशी भांडायला नाही आला. हर्षल माझ्या घरचा पोरगा, तर तुम्ही माझ्या घरच्या. पण बेन, तुम्ही माझा बऊ वाईट केला.

प्राजक्ता: चेतनभाई...

चेतनभाई: नाही, मला बोलू द्या. आमलीच्या नाक्यावर लहान लहान पोरं मला काय बोलतात, माहिती? नवरेभाई! माझा साला आहे वापीला, तो फोन करून विचारतो, जीजाजी, तुम्ही घरात छो के बाहेर? माझी बा. पंच्याऐंशी वरसची. ती विचारते, दीकरा, तू असं शुं बोलला की लोक हसतात? मी बाला काय सांगू?

प्राजक्ता: वाईट वाटलं मला. खरंच.

चेतनभाई: मी गुजरातीत भाषण केला असता तर? सगळ्यांना समजला असता. इथे कोणाला गुजराती नाही समजत? पण मी बोललो, नाही. आमलीत धुळ्याची माणसं, नंदुरबारची माणसं, कोकणची माणसं. त्यांच्या भाषेत बोलेन, त्यांना मान देईन. बाथरूममध्ये उभा राहून पाठ केला मी. अने तुम्ही काय केला? मान देणाऱ्याचा कान कापला!

प्राजक्ता: हे मात्र तुम्ही बरोबर बोललात. माझी चूक आहे. तुम्हाला काय म्हणायचं होतं, ते मला त्याच क्षणी समजलं होतं. मी ते खाली लिहायला हवं होतं. नाही लिहिलं.

हर्षल: बघा शेठ, ती मानते. मी म्हणालो होतो ना?

प्राजक्ता: थांब. मी उद्याच लिहिते, चेतनभाई. माझ्या नावानिशी. 'गुजरातीत नवरा म्हणजे रिकामा; उमेदवाराला बेरोजगार तरुणांना काम द्यायचं होतं; वार्ताहराने हे स्पष्ट केलं नाही, त्याबद्दल दिलगिरी.' पहिल्या पानावर द्या म्हणून मी संपादकांशी भांडेन.

चेतनभाई: ना, बेन. असं नाही चालणार.

प्राजक्ता: का?

चेतनभाई: 'म्हणायचं होतं' नको. 'बोललो नाही' पाहिजे. हर्षलने दिला ना कागद? तसाच पाहिजे.

प्राजक्ता: पण तुम्ही बोललात!

चेतनभाई: तुम्ही म्हणता, बोललो. मी म्हणतो, नाही बोललो. छापावाला खोटं नाही लिहीत काय कधी?

प्राजक्ता: व्हिडिओ आहे.

चेतनभाई: व्हिडिओ पण तुम्ही छापावाल्यांनीच कापून जोडला.

प्राजक्ता: चेतनभाई, तो व्हिडिओ तुमच्याच पेजवर लाइव्ह चालला होता. वर तुमचाच फोटो, हात जोडलेला.

हर्षल: शेठ, ते खरं आहे. लाइव्ह आपलंच होतं.

चेतनभाई: तू गप रे! बेन, तुम्हाला साफ सांगतो. परवा वरच्यांची मीटिंग आहे. मला विचारतील, चेतन, तुझी स्वतःची कंपनी आमलीत, तुझी माणसं आमलीत, अने तू आमलीत हारला? केम हारला? मी काय सांगू? मला मराठी नाही येत म्हणून हारला? पुढच्या वेळी तिकीट मिळेल मला? छापावाल्यांनी पाडला, असं सांगितलं तर बधा समजतील. ते पण तेच सांगतात. सगळे तेच सांगतात.

प्राजक्ता: म्हणजे तिकीट तुम्हाला आणि खोटारडेपणाचा शिक्का मला.

चेतनभाई: तुम्ही छोटा माणूस. तुम्हाला शुं फरक पडे? चार दिवस लोक बोलतील, पाचव्या दिवशी विसरून जातील.

प्राजक्ता: छोट्या माणसाकडे आणखी असतं काय, चेतनभाई? मी बातमी लिहिते आणि लोकांना वाटतं, प्राजक्ताने लिहिलंय म्हणजे झालं असेल. एवढंच आहे माझं. ते तुम्हाला देऊन टाकलं तर मी उद्या कोणाच्या दारात जाऊन विचारू, काय झालं म्हणून?

हर्षल: प्राजू, हळू.

प्राजक्ता: हळूच बोलत होते महिनाभर. चेतनभाई, मी छापलं त्याचा तुम्हाला राग आहे. मी छापलं नाही, ते ठाऊक आहे का तुम्हाला?

चेतनभाई: शुं नाही छापला?

प्राजक्ता: मतदानाच्या दिवशी तुमच्या कंपनीचं गेट बंद होतं.

हर्षल: प्राजू!

प्राजक्ता: मतदानाची सुट्टी द्यायची असते. तुम्ही दिली नाहीत. दिवसपाळीची माणसं आणि थांबवून ठेवलेली रात्रपाळी, सगळी आत कंटेनर भरत होती. भिमाबाईचा मला दुपारी फोन आला. म्हणाली, "ताई, मी उभी शे बूथवर, मन्हा माणूस आठे येवाव व्हता. गेट उघडत नाहीत." तिचा नवरा आतच अडकला होता. मी दोन तास फोन हातात धरून बसले होते. बातमी लिहून तयार होती. संध्याकाळच्या आत पेपरच्या वेबसाइटवर लावली असती तर कोणीतरी अधिकारी धावला असता, गेट उघडलं असतं.

हर्षल: मंग का नाही लावली?

प्राजक्ता: तुला विचारायचंय हे? गेटवर कोण असतो? टाइमकीपर. नोकरी कोणाची गेली असती? खोली कोणाची गेली असती? तुझ्यासाठी नाही लावली. तुझ्यासाठी मी गप्प बसले, आणि आता तूच मला कागद आणून देतोस, सही कर म्हणून.

हर्षल: मला माहीत नव्हतं.

प्राजक्ता: मी सांगितलं नव्हतं.

चेतनभाई: अरे बेन, ते तर धंद्याची वात. परदेशचा माल होता. कंटेनर चुकला असता तर माल घेणारी पार्टी हातातून गेली असती. मग कोणाला पगार देऊ? मी बोललो होतो, काम पूरा करून जा, वोट तर संध्याकाळपर्यंत असते.

प्राजक्ता: आणि पाळी सुटते त्याच्याही नंतर.

चेतनभाई: थोडी माणसं राहिली असतील. एटलामां शुं? हर्षल, सांग तुझ्या बायकोला. काही फरक पडतो त्याने?

प्राजक्ता: सांग.

चेतनभाई: बोल ने, अलया.

हर्षल: पडतो, शेठ.

चेतनभाई: शुं?

हर्षल: फरक पडतो. आपण जितक्या मतांनी पडलो ना, त्याच्याहून जास्त मतं त्या दिवशी गेटच्या आत होती. मी काल हिशोब लावला. तुम्हाला सांगणार होतो, पण तुम्ही एकटेच बसले होते केबिनमध्ये, माझ्यानं बोलवलं नाही.

चेतनभाई: तर काय बधा मलाच वोट देणार होते?

हर्षल: बहुतेक सगळे. दोन महिने मी अन् आपली माणसं खोल्या-खोल्या हिंडलो. यादीत नाव नव्हतं त्यांचं. कोणाचं नाव धुळ्याला, कोणाचं शहाद्याला. मी एकेकाचं नाव इथं घालून घेतलं. त्यांना सांगितलं, आपला शेठ आहे, आपल्याला पाणी येईल, चाळीमागचं गटार बंदिस्त होईल. ते हसत होते नवरे-नवरे करून, पण मत तुम्हालाच देणार होते. भिमाबाईचा माणूस तर म्हणे, शेठ मला घरातून काढणार असेल तर काढू दे, मला झोप तरी लागंल बाहेर. हसत हसत देणार होते, शेठ. चिडून कोणीच नव्हतं.

चेतनभाई: तर मग तू तेव्हा बोलला का नाही?

हर्षल: बोललो होतो. सकाळीच. तुम्ही म्हणाले, गेट बंद कर अन् चावी तुझ्याकडं ठेव, कोणी सुटायला नको. मी बंद केलं. पोरं जाळीला तोंड लावून मला विनवत होती. मी म्हणालो, संध्याकाळी सोडतो.

चेतनभाई: माझी माणसं. अने मला नाही मिळाली.

हर्षल: माझंही राहिलं.

चेतनभाई: शुं राहिला?

हर्षल: मत.

चेतनभाई: तू? तू पण नाही दिला? तू माझा माणूस!

हर्षल: तुमचाच. म्हणून तर गेटवर होतो.

प्राजक्ता: तू म्हणाला होतास, दिलं म्हणून.

हर्षल: शाई दाखव म्हणाली असतीस तर काय दाखवलं असतं? बरं झालं, विचारलं नाहीस.

चेतनभाई: बस. बस करा बेऊ जण. हे बाहेर गेला तर माझी कंपनीवर केस होईल. समजता तुम्ही? हर्षल, मी तुला इथे खोली दिली. तुझ्या बाप आजारी होता तर गाडी दिली. अने तू माझ्या तोंडावर, बायकोच्या बाजूने...

हर्षल: बाजू नाही, शेठ. तुम्हीच विचारलं, फरक पडतो का. मी सांगितलं.

चेतनभाई: शेवटचा विचारतो. सही करता, बेन?

प्राजक्ता: मघाशी मी सांगितली ती दिलगिरी आत्ता लिहून देते. तुमच्या आईला वाचून दाखवा. त्यांना तरी कळेल की तुम्ही वाईट बोलला नव्हतात.

चेतनभाई: बाला वाचता येत नाही. अने वरच्यांना ते वाचायचं नाही.

प्राजक्ता: मग माझ्याकडे दुसरं काही नाही.

हर्षल: कागद इथंच राहिला, शेठ.

चेतनभाई: फाडून टाक. चा पण राहू द्या, बेन. हर्षल, सांभळ. चावी सवारे गेटवर आपी देजे. कालथी तू नवरो. एकदम नवरो!

हर्षल: शेठ, जिन्यात दिवा नाही. बेतानं उतरा.

प्राजक्ता: गेले?

हर्षल: गाडी सुरू केली.

प्राजक्ता: जाता जाता काय म्हणाले ते?

हर्षल: ऐकलं ना तू.

प्राजक्ता: मी चुकीचं ऐकते, असंच तर आत्ता लिहून मागत होते ते. तू सांग.

हर्षल: सकाळी चावी गेटवर देऊन टाकायची. उद्यापासून मी नवरा.

प्राजक्ता: आजपर्यंत कोण होतास मग?

हर्षल: प्राजू, आत्ता नको ना.

प्राजक्ता: बरं. नाही करत मस्करी. बस इथे. घाबरलास?

हर्षल: खूप. ही खोली खाली करा म्हणतील. कुठं जायचं?

प्राजक्ता: बाबांच्या घरात माळा आहे. काही दिवस निघतील. मीही घाबरलेय रे.

हर्षल: मी तो कागद आणायला नको होता तुझ्याकडं.

प्राजक्ता: नकोच होता. मला फार राग आलाय त्याचा. दोन दिवस तरी राहील, सांगून ठेवते.

हर्षल: राहू दे. ती बातमी आहे अजून? गेटची?

प्राजक्ता: फोनमध्ये आहे. पुसली नाही.

हर्षल: लाव मंग. पुढच्या वेळेला तरी कोणी गेट बंद करणार नाही.

प्राजक्ता: नुसतं भिमाबाईच्या फोनवर नाही छापणार संपादक. आतलं माणूस लागेल. 'नाव न सांगण्याच्या अटीवर एका कर्मचाऱ्याने' असं लिहू?

हर्षल: चावी माझ्याकडं होती. नाव घाल.

प्राजक्ता: नीट विचार कर. लोक तुलाही बोलतील.

हर्षल: बोलू दे. ते जाळीला तोंड लावून उभे होते ते मला रोज दिसतात. नाव घाल.

प्राजक्ता: घालते. आणि नावाच्या पुढे काय लिहू? टाइमकीपर तर आता नाहीस. शिवाय बातमी मी देतेय, तर तू माझा कोण, हेही वाचणाऱ्याला सांगायला हवं. लपवलं तर उद्या तेच म्हणतील, बघा, छापावाले.

हर्षल: एकच शब्द लिही. दोन्ही त्यात येतं.

प्राजक्ता: कुठला?

हर्षल: नवरा. अन् या वेळेस खाली अर्थ दे.